सावली आहे म्हणून ओल आहे असं नाही. माडाखाली आणि आंब्याखाली पाण्याचा हिशोब वेगळा

पाऊस संपला की मोठ्या झाडाखालच्या रोपांकडे आपलं दुर्लक्ष होतं. ‘सावलीत आहेत, त्यांना कशाला पाणी?’ असं बरेच जण म्हणतात. पण सावलीत ऊन कमी लागत असलं तरी माती ओली असतेच असं नाही. वरच्या झाडाची मुळं त्याच मातीतून पाणी ओढतात. हलकी सर आली तर पानंच ती अडवतात, खाली थेंब पोचत नाही.

म्हणून अंदाजाने पाणी देऊ नका. रोपाजवळ खुरप्याने वीतभर खणा आणि माती मुठीत दाबा. गोळा झाला तर थांबा, भुरभुरली तर पाणी द्या. पानं दुपारी मलूल होऊन संध्याकाळी सावरली तर तो उन्हाचा ताण. सकाळीही मान टाकलेली असेल आणि माती कोरडी असेल तर रोप तहानलेलं आहे.

पाणी देताना वरचं झाड कोणतं ते आधी बघा.

माड : नारळाला बारमाही पाणी चालतं, त्यामुळे खाली जायफळ, मिरी, दालचिनी जमतात. रत्नागिरीजवळच्या भाट्ये नारळ संशोधन केंद्राची ‘लाखी बाग’ याच पद्धतीची. माडाची बहुतेक मुळं बुंध्यापासून साधारण 2 मीटरच्या आत असतात. जायफळासारखं झाड दोन माडांच्या मधोमध लावा आणि त्याला वेगळं आळं करा. माडाला पाणी दिलं म्हणजे जायफळाला मिळालं असं धरू नका. ताशी 4 लिटरचे दोन ड्रिपर दोन तास चालले तर 16 लिटर पाणी हळूहळू खोल मुरतं. पाइपने वरवर शिंपडलेलं तासाभरात उडून जातं.

हापूस : इथे खरी गोम आहे. मोहर येण्यासाठी पावसाळ्यानंतर आंब्याला पाण्याचा ताण लागतो. खालच्या हळदीला, आल्याला त्या दिवसांत पाणी सोडलं तर आंब्याला पालवी फुटते आणि मोहर मागे पडतो. हळदीच्या चार गड्ड्यांसाठी पेट्यांचं नुकसान कोण करून घेईल? त्यामुळे कलमाखाली पावसावर येईल तेवढंच घ्या. बाकीची रोपं पिशवीत किंवा कुंडीत ठेवा. फळं वाटाण्याएवढी झाली की मग आंब्यालाच 15 दिवसांच्या अंतराने झाडामागे 150 ते 200 लिटर पाणी देतात.

दोन्हीकडे आळ्यात पालापाचोळा, झावळ्या, सोडणं पसरा, ओल टिकते. रोपाच्या खोडाला मात्र चार बोटं मोकळी जागा सोडा. आळं करताना कुदळ खोल घालू नका, मोठ्या झाडाची मुळं तुटतात. मिरीच्या बुंध्याशी पावसाळ्यात पाणी साचू देऊ नका, वेल मर रोगाने जातो.

आज खुरपं घ्या आणि वीतभर खणून बघा. पंप त्यानंतरच चालू करा.