असं का होतं? : चिखल्या घरी बऱ्या होतात, मग गजकर्ण का नाही?

आषाढात भोर-वेल्ह्याच्या खाचरांत भाताची लावणी सुरू झाली की पाय दिवसभर चिखलात असतात. काही दिवसांतच बोटांच्या बेचक्या पांढऱ्या पडतात, चिरतात, झोंबतात. याच चिखल्या.

त्वचेचा सर्वांत वरचा थर मृत पेशींचा असतो. त्यातलं केराटिन पाणी शोषून फुगतं, थर मऊ पडून सुटू लागतो. इथवर घरचा उपाय पुरतो : पाय स्वच्छ धुवायचे, बेचक्या कोरड्या करायच्या, खाचरात उतरण्यापूर्वी खोबरेल चोळायचं. ओल हटली की त्वचा भरून येते.

गजकर्णाच्या बुरशीचं तसं नाही. ती केराटिनवरच जगते आणि बाहेरच्या बाजूला सरकत जाते. म्हणून गजकर्णाचा चट्टा गोल, कडेला लाल आणि मध्ये निवळलेला दिसतो. मग मेडिकलमधून खाजेची ट्यूब येते. तिच्यात स्टेरॉइड असेल तर खाज आणि लाली झटकन जाते, कारण स्टेरॉइड त्वचेचा प्रतिकारच दाबतं. राखणीच्या कुत्र्याला गुंगी दिली की चोराला रान मोकळं, तसं बुरशीचं फावतं. ट्यूब थांबवली की चट्टा आणखी मोठा होऊन परततो. म्हणूनच केंद्र सरकारने २०१८ मध्ये स्टेरॉइडची अनेक मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय न विकण्याच्या यादीत घातली.

चट्टा पसरू लागला, पू किंवा सूज आली, किंवा मधुमेह असेल, तर थेट प्राथमिक आरोग्य केंद्र गाठा. आणि चट्टा दिसेनासा झाला तरी सांगितलेले दिवस औषध पुरं करा.