शंभर वॅट जातात कुठे?

गच्चीवरचा रेडिओ : भाग सहावा

मागच्या भागात डायपोलची लांबी काढली, तेव्हाच १६० मीटर बँडचं काय करायचं हा प्रश्न उभा राहिला होता. आपल्याकडच्या हौशी परवानाधारकांना १८२० ते १८६० किलोहर्ट्झ हा पट्टा आहे. तिथला अर्ध्या तरंगलांबीचा डायपोल भरतो ऐंशी मीटर. सदाशिव पेठेत काय किंवा कोथरूडला काय, एवढी तार ताणायची तर शेजारच्या दोन सोसायट्यांचे सेक्रेटरी पटवावे लागतील. आपल्याच गच्चीवर टाकी, सोलर आणि पापडांची वाळवणं यांच्यातून वाट काढायची ती वेगळीच.

म्हणून मंडळी लूपकडे वळतात. तांब्याच्या नळीचं एक वेटोळं आणि त्याच्या दोन टोकांमध्ये बदलता कपॅसिटर, एवढाच पसारा. मीटरभर व्यासाचं वेटोळं बाल्कनीतसुद्धा मावतं. पुरेसा मोठा कपॅसिटर लावला तर ते १.८४ मेगाहर्ट्झवर ट्यूनही होतं. एसडब्ल्यूआर मीटर एकास एक दाखवतो, रिग खूश, माणूसही खूश. फक्त पलीकडून उत्तर येत नाही.

कारण मीटर एवढंच सांगतो की रिगमधून निघालेली पॉवर परत आली नाही. ती हवेत गेली की नळी तापवण्यात गेली, हे त्याला कळत नाही. लूपमधल्या करंटच्या वाट्याला दोन रोध येतात. एक रेडिएशन रेझिस्टन्स : यात जेवढी पॉवर खर्च होते तेवढी लहरी बनून बाहेर पडते. दुसरा तांब्याचा स्वतःचा रोध, ज्यात खर्च झालेली पॉवर निव्वळ उष्णता. लूपची कार्यक्षमता म्हणजे या दोघांच्या बेरजेत पहिल्याचा वाटा किती, एवढंच.

आता आकडे. नळी घेऊ सात सूत, म्हणजे साधारण २२ मिलिमीटरची. तांबं म्हटलं की पुणेकराला तांबट आळी आठवते, पण ही नळी एसीचं सामान विकणाऱ्याकडे मिळते. भरीव सळईच्या भानगडीत पडू नये. १.८४ मेगाहर्ट्झवर करंट तांब्यात जेमतेम मिलिमीटरच्या विसाव्या भागाइतका खोल शिरतो. आतलं तांबं नुसतं वजनाला.

या नळीच्या एक मीटर व्यासाच्या लूपचा रेडिएशन रेझिस्टन्स १.८४ मेगाहर्ट्झवर येतो ०.००००२७ ओहम. तांब्याचा रोध ०.०१६ ओहम. भागाकार केला की कार्यक्षमता निघते ०.१७ टक्के. शंभर वॅट ओतले तर हवेत जातात ०.१७ वॅट, बाकीचे नळीच्या पोटात. हा हिशेबही फक्त नळीचा झाला. कपॅसिटरचे कॉन्टॅक्ट, डागलेले सांधे, स्लॅबमधलं लोखंड यांनी आपापला हिस्सा घेतला की उरतं ते याहून कमी.

तोच लूप तीन मीटर व्यासाचा केला तर? रेडिएशन रेझिस्टन्स व्यासाच्या चौथ्या घातानं वाढतो, म्हणजे थेट ८१ पट. तांब्याचा रोध मात्र नळीच्या लांबीबरोबर वाढतो, तिप्पटच. कार्यक्षमता ०.१७ वरून ४.४ टक्क्यांवर जाते. सव्वीस पट! एवढी वाढ रिगची पॉवर वाढवून मिळवायची, तर शंभर वॅटच्या जागी दोन हजार सहाशे वॅट लागतील. परवान्याची मर्यादा आणि घरचं वीजबिल, दोन्ही त्याला आडवे येतील.

इथे हमखास एक पळवाट सुचते : मोठा लूप नको, त्याच मीटरभर व्यासात तीन वेढे घालू. वेढे तिप्पट केले की रेडिएशन रेझिस्टन्स नऊपट होतो आणि तांब्याचा रोध किमान तिप्पट. वेढे एकमेकांना चिकटून असले तर त्याहून जास्तच. म्हणजे अर्धा टक्का गाठला तरी खूप. तांबं मात्र दोन्हीकडे तेवढंच, सुमारे साडेनऊ मीटर. गुंडाळलं तर अर्धा टक्का, उघडून पसरलं तर साडेचार. ‘छोटा लूप, डायपोलइतकाच दमदार’ अशा जाहिराती वाचताना बँड कोणता आणि व्यास किती, हे आधी बघावं. वरच्या बँडवर तो दावा थोडाफार खरा असतो, १६० मीटरवर निखालस खोटा.

कमी फ्रिक्वेन्सीला जागा आणि पैसा लागतो, हे सरकारांनाही चुकलेलं नाही. इंग्लंडमधलं रग्बी केंद्र १९२६ साली १६ किलोहर्ट्झवर सुरू झालं, तेव्हा अँटेनासाठी अडीचशे मीटर उंचीचे बारा मनोरे उभारावे लागले. पुढच्याच वर्षी, २३ जुलै १९२७ रोजी, लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते भारत-इंग्लंड बीम सेवा सुरू झाली. ती शॉर्टवेव्हवर, मार्कोनी पद्धतीची. तिचं प्रक्षेपण केंद्र आपल्या खडकीला होतं आणि ग्रहण केंद्र दौंडला. शॉर्टवेव्हमुळे अवाढव्य लांबलहरी केंद्राचा खर्च वाचला. पण मला त्यातली खडकी-दौंड ही वाटणी जास्त महत्त्वाची वाटते. पाठवणं एकीकडे, ऐकणं दुसरीकडे. आपल्या गच्चीवरही हीच वाटणी करावी.

कारण ऐकण्यासाठी ०.१७ टक्के पुष्कळ झाले. या बँडवर हवेतलाच गोंगाट एवढा असतो की लहान अँटेनात सिग्नल आणि गोंगाट दोन्ही सारखेच घटतात, आणि तरीही रिसीव्हरच्या स्वतःच्या खरखरीच्या वर राहतात. सिग्नल गोंगाटाच्या किती वर आहे, ते गुणोत्तर बदलत नाही. वर लूपला दिशा असते. घरातला जुना ट्रान्झिस्टर ७९२ किलोहर्ट्झवर, आकाशवाणी पुण्यावर लावा आणि हातात धरून आडवा फिरवा. एका कोनात आवाज एकदम बसतो. आतल्या फेराइट रॉडवरची गुंडाळी हाही लूपच, आणि तेव्हा रॉडचं टोक प्रक्षेपकाकडे असतं. शेजारच्या जिन्यातला एलईडी दिवा किंवा लिफ्टचा ड्राइव्ह गुरगुरत असेल, तर लूप फिरवून त्याला असाच गप्प करता येतो. एप्रिल-मेमधल्या वळवाच्या विजांवर मात्र इलाज नाही, कडकडाट सगळ्या दिशांनी येतो.

प्रक्षेपणाचा हा तोटा आंतरराष्ट्रीय नियमांनीही गृहीत धरलाय. २००७ च्या जागतिक रेडिओ परिषदेत हौशींना १३५.७ ते १३७.८ किलोहर्ट्झ हा पट्टा मिळाला, तो एका वॅटच्या मर्यादेसह. हा वॅट रिगच्या मागच्या सॉकेटवर मोजायचा नाही, अँटेनातून प्रत्यक्ष बाहेर पडणारा मोजायचा. तेवढा एक वॅट हवेत घालायला काहींना शेकडो वॅट ओतावे लागतात.

पुण्यातल्या फ्लॅटवाल्याला माझं सांगणं असं : १६० मीटरवर लूपनं ऐका, आणि पाठवायची हौस ४० मीटरवर भागवा. तोच मीटरभर लूप ७.१ मेगाहर्ट्झवर नळीच्या हिशेबानं १६ टक्के देतो. शंभरातले सोळा वॅट हवेत गेले तर देशभर गप्पा होतात. मात्र त्या वेळी नळीतून पन्नास अँपिअर वाहत असतात आणि कपॅसिटरच्या पट्ट्यांमध्ये आठ हजार व्होल्टपर्यंत दाब चढतो. जुन्या रेडिओतला गँग कंडेन्सर तिथे ठिणग्या टाकायला लागतो. पट्ट्यांमधलं अंतर किती ठेवायचं आणि व्हॅक्यूम कपॅसिटरवर पैसे घालावेत का, ते पुढच्या आठवड्यात.