विश्लेषण : परभणीतील कोठडी मृत्यूची चौकशी जिनिव्हात होऊ शकते का?

पोलिसांच्या किंवा तुरुंगाच्या ताब्यातील माणूस दगावला की ‘आंतरराष्ट्रीय चौकशी करा’ ही मागणी मोर्चात, निवेदनात आणि समाजमाध्यमांवर हमखास होते. परभणी जिल्ह्याने अशी दोन गाजलेली प्रकरणे पाहिली आहेत, एक २००३ मधील आणि दुसरे २०२४ मधील. दोन्हींत न्यायासाठी आईलाच न्यायालयाची पायरी चढावी लागली. पालमसारख्या तालुक्यातील ठाण्यापासून जिनिव्हातील संयुक्त राष्ट्रांच्या कार्यालयापर्यंत उत्तरदायित्वाची साखळी नेमकी कशी आहे आणि ती कुठे तुटते, याचा हा आढावा.

परभणीची दोन प्रकरणे कोणती?

पहिले प्रकरण ख्वाजा युनूसचे. मूळचा परभणीचा हा २७ वर्षांचा सॉफ्टवेअर अभियंता दुबईत नोकरी करत होता. २ डिसेंबर २००२ रोजी मुंबईत घाटकोपर स्थानकाबाहेर बसमध्ये स्फोट झाला. त्याच महिन्यात पोलिसांनी युनूसला पकडून ‘पोटा’ लावला. जानेवारी २००३ मध्ये, त्याला औरंगाबादकडे नेत असताना वाटेत जीपला अपघात झाला आणि तो पळून गेला, असे पोलिसांनी सांगितले. कोठडीत युनूसला बेदम मारहाण होताना आणि तो रक्ताची उलटी करताना पाहिल्याचे एका सहआरोपीने न्यायालयात सांगितले. उच्च न्यायालयाच्या आदेशाने सीआयडीने तपास केला, तेव्हा पलायनाची कहाणी बनावट असल्याचा निष्कर्ष निघाला. युनूसचा मृतदेह आजवर मिळालेला नाही. घाटकोपर स्फोटात ज्यांच्यावर खटला चालला, ते सर्व आरोपी २००५ मध्ये निर्दोष सुटले.

दुसरे प्रकरण सोमनाथ सूर्यवंशी यांचे. १० डिसेंबर २०२४ रोजी परभणी रेल्वे स्थानकासमोरील डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या पुतळ्याजवळील संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. दुसऱ्या दिवशीच्या बंदला हिंसक वळण लागले आणि पोलिसांनी धरपकड केली. त्यात कायद्याचे शिक्षण घेणारे ३५ वर्षांचे सूर्यवंशी होते. पोलीस कोठडीनंतर त्यांना न्यायालयीन कोठडी मिळाली आणि १५ डिसेंबरला त्यांचा मृत्यू झाला. शवविच्छेदनात अनेक जखमांमुळे बसलेला धक्का हे कारण नोंदवले गेले. मारहाण झाली नाही, त्यांना श्वसनाचा आजार होता, अशी बाजू सरकारने विधिमंडळात मांडली. न्यायदंडाधिकाऱ्यांच्या चौकशी अहवालात मात्र पोलिसांना जबाबदार धरण्यात आले.

कोठडीत मृत्यू झाला तर कायदा काय सांगतो?

पालमच्या पोलिसांनी एखाद्याला अटक केली असे समजा. अटकेचे कारण त्याला सांगावे लागते, अटकेचा पंचनामा करून त्यावर घरच्याची किंवा गावातील प्रतिष्ठित माणसाची सही घ्यावी लागते, नातेवाइकांना कळवावे लागते, डॉक्टरांकडून तपासणी करावी लागते आणि २४ तासांच्या आत न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर उभे करावे लागते. राज्यघटनेचा अनुच्छेद २२, सर्वोच्च न्यायालयाचा डी. के. बसू निकाल आणि आता भारतीय नागरी सुरक्षा संहिता या तिन्हींनी मिळून हे संरक्षण दिले आहे.

ताब्यात असताना मृत्यू झाल्यास संहितेच्या कलम १९६ नुसार न्यायदंडाधिकाऱ्यांची स्वतंत्र चौकशी बंधनकारक आहे. ही चौकशी पोलिसांच्या तपासाखेरीज होते आणि शक्य असेल तेथे नातेवाइकांना तिथे हजर राहू द्यावे लागते. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाच्या निर्देशानुसार मृत्यूची खबर २४ तासांत आयोगाला द्यावी लागते आणि शवविच्छेदनाचे चित्रीकरण करावे लागते. डिसेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक ठाण्यात सीसीटीव्ही बसवण्याचा आदेश दिला. त्यातील चित्रण १८ महिने आणि ते शक्य नसेल तर निदान वर्षभर जपावे, असेही बजावले.

मग घोडे अडते कुठे?

पहिली अडचण ही की, दंडाधिकाऱ्यांचा अहवाल आल्यानंतर पुढे काय, याबाबत कायदा जवळपास गप्प आहे. सूर्यवंशी प्रकरणात नेमके हेच झाले. अहवाल राज्य मानवाधिकार आयोगाकडे गेला, पण पोलिसांवर गुन्हा दाखल झाला नाही. सोमनाथ यांच्या आईने उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात याचिका केली. त्यांची बाजू अ‍ॅड. प्रकाश आंबेडकर यांनी मांडली. खंडपीठाने ४ जुलै २०२५ रोजी गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला. राज्य सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले, तिथे ३० जुलैला दाद मिळाली नाही. त्यानंतर परभणीत गुन्हा नोंदवला गेला आणि ऑगस्टमध्ये उच्च न्यायालयाने विशेष तपास पथक नेमण्याचे आदेश दिले. म्हणजे मृत्यूपासून नुसता गुन्हा दाखल व्हायला साडेसात महिने लागले. पोलिसांवरील आरोप न्यायालयात सिद्ध होणे ही त्याच्या पुढची पायरी.

दुसरी अडचण खटल्याच्या परवानगीची. सरकारी सेवकाने कर्तव्य बजावताना केलेल्या कृत्याबद्दल खटला भरायचा तर सरकारची मंजुरी लागते. युनूस प्रकरणात सीआयडीने १४ पोलिसांवर ठपका ठेवला, मंजुरी मिळाली ती चौघांविरुद्ध. त्या चौघांत सचिन वाझे होते. वाझे २००४ मध्ये निलंबित झाले, जून २०२० मध्ये पुन्हा सेवेत आले आणि दुसऱ्याच एका प्रकरणानंतर मे २०२१ मध्ये बडतर्फ झाले. साक्षीदाराने नावे घेतलेल्या आणखी चार पोलिसांना आरोपी करा, असा अर्ज विशेष सरकारी वकिलांनी २०१८ मध्ये केला. काही आठवड्यांतच त्यांना हटवण्यात आले आणि खटला वर्षानुवर्षे रखडला. नव्या संहितेत एक सुधारणा आहे. मंजुरीचा निर्णय १२० दिवसांत घ्यायचा, नाहीतर ती मिळाली असे समजायचे.

तिसरी अडचण पुराव्याची. जे घडते ते चार भिंतींआड आणि साक्षीदार बहुतेक पोलीसच. म्हणून कोठडीत जखम झाली तर ती पोलिसांनीच केली, असे गृहीत धरण्याची मुभा न्यायालयांना द्यावी, अशी शिफारस विधी आयोगाने १९८५ मध्येच केली होती. ती कायद्यात उतरली नाही.

आंतरराष्ट्रीय न्यायालय चौकशी करू शकते का?

सरळ उत्तर नाही. द हेगमध्ये दोन न्यायालये आहेत आणि चर्चेत त्यांची नेहमी गल्लत होते. आंतरराष्ट्रीय न्यायालयात फक्त देश विरुद्ध देश असे वाद चालतात. कुलभूषण जाधव यांच्यासाठी भारत पाकिस्तानविरुद्ध तिथेच गेला. १७ जुलै २०१९ रोजी १५ विरुद्ध १ अशा मतांनी निकाल लागला. पाकिस्तानने व्हिएन्ना कराराचा भंग केल्याचे न्यायालयाने म्हटले आणि जाधव यांच्या शिक्षेचा फेरविचार करण्यास सांगितले. पण स्वतःच्याच देशाविरुद्ध नागरिकाला तिथे जाता येत नाही.

दुसरे, आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय हे व्यक्तींवर खटले चालवते. मात्र वंशसंहार, मानवतेविरुद्धचे गुन्हे, युद्धगुन्हे आणि आक्रमण अशा चारच प्रकारांत. तेही संबंधित देश स्वतः प्रामाणिकपणे तपास करत नसेल तरच. फिलिपिन्सचे माजी अध्यक्ष रॉड्रिगो दुतेर्ते यांना मार्च २०२५ मध्ये अटक झाली, ती अमली पदार्थविरोधी मोहिमेतील मोठ्या प्रमाणावरील हत्यांबद्दल. १९९८ मध्ये या न्यायालयाचा रोम करार झाला, तेव्हा भारत मतदानात तटस्थ राहिला आणि आजही त्याचा सदस्य नाही. सुरक्षा परिषदेला दिलेले अधिकार हा भारताच्या आक्षेपांपैकी एक होता. एका ठाण्यातील वा तुरुंगातील मृत्यू, कितीही गंभीर असला, तरी या न्यायालयाच्या कक्षेत बसत नाही.

मग संयुक्त राष्ट्रांची कोणती दारे उघडी आहेत?

तीन आहेत, पण त्यांपैकी एकाकडेही शिक्षेचा दंडुका नाही.

नागरी व राजकीय हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार भारताने १९७९ मध्ये स्वीकारला. छळाला त्यात स्पष्ट बंदी आहे. कराराच्या समितीसमोर देशाला आपला अहवाल घेऊन जावे लागते. भारताची सुनावणी जुलै २०२४ मध्ये जिनिव्हात झाली, त्याआधीची १९९७ मध्ये. मात्र नागरिकाला या समितीकडे थेट तक्रार करू देणारा पूरक करार भारताने स्वीकारलेला नाही.

दुसरे दार विशेष प्रतिवेदकांचे. छळ, न्यायबाह्य हत्या अशा विषयांवर मानवाधिकार परिषदेने स्वतंत्र तज्ज्ञ नेमले आहेत. नातेवाईक, वकील किंवा संस्था त्यांना माहिती पाठवू शकतात. त्यासाठी भारताने कोणताही करार मान्य केलेला असण्याची गरज नाही. प्रतिवेदकाला तथ्य वाटले तर तो सरकारला पत्र लिहून खुलासा मागतो, पुढे पत्र आणि उत्तर दोन्ही जाहीर होतात. न्यायबाह्य हत्यांविषयीचे प्रतिवेदक ख्रिस्तॉफ हेन्स मार्च २०१२ मध्ये भारतात येऊन गेले. प्रत्यक्ष भेटीसाठी सरकारचे निमंत्रण लागते.

तिसरे दार देशांच्या परस्पर आढाव्याचे. दर चार-पाच वर्षांनी प्रत्येक देशाची मानवाधिकारांची प्रगती इतर देश तपासतात. २००८, २०१२, २०१७ आणि २०२२ असे चार वेळा भारत या आढाव्याला सामोरा गेला. छळविरोधी करार मान्य करा, ही सूचना तिथे अनेक देशांनी वारंवार केली.

छळविरोधी करारावर भारताची भूमिका काय?

संयुक्त राष्ट्रांचा हा करार १९८४ चा. भारताने त्यावर १४ ऑक्टोबर १९९७ रोजी सही केली, पण मान्यता दिलेली नाही. सही म्हणजे इरादा, मान्यता म्हणजे बंधन. मान्यतेआधी देशात कायदा हवा म्हणून छळ प्रतिबंधक विधेयक आले. मे २०१० मध्ये ते लोकसभेत मंजूर झाले, राज्यसभेत निवड समितीकडे गेले आणि पुढे बारगळले. ऑक्टोबर २०१७ मध्ये विधी आयोगाने २७३ व्या अहवालात नवे विधेयकच तयार करून दिले. असा कायदा करण्याचा आदेश संसदेला देता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये स्पष्ट केले. त्यामुळे चेंडू संसदेच्या अंगणात आहे.

भारतीय न्याय संहितेत कबुलीसाठी इजा करणे हा गुन्हा आहेच, मग वेगळा कायदा कशाला, असा प्रश्न विचारला जातो. पण त्या कलमात ‘कबुली किंवा माहिती काढण्यासाठी’ हे सिद्ध करावे लागते. धडा शिकवायला, जातीधर्माच्या रागातून किंवा मोर्चात दिसला म्हणून केलेल्या मारहाणीला छळ असे वेगळे नाव आपल्या फौजदारी कायद्यात नाही.

याचा फटका सरकारलाही बसतो का?

बसतो, आणि तो गुन्हेगार परत आणताना. पुरुलिया शस्त्रप्रकरणातील आरोपी किम डेव्ही याला भारताच्या हवाली करण्यास डेन्मार्कच्या न्यायालयाने २०११ मध्ये नकार दिला. भारतात छळाचा धोका आहे, हे कारण. विजय मल्ल्याच्या प्रत्यार्पणावेळी लंडनच्या न्यायाधीशांनी मुंबईच्या आर्थर रोड तुरुंगातील बराक क्रमांक १२ चे चित्रीकरण मागवून पाहिले. नीरव मोदीच्या वेळीही त्याच बराकीची चर्चा झाली. कोठडीतील वागणुकीची हमी प्रत्येक वेळी नव्याने लिहून द्यावी लागते, कारण दाखवायला कायदा नाही.

राष्ट्रीय मानवाधिकार आयोगालाही झळ बसली. अशा आयोगांच्या जागतिक संघटनेने २०२३ आणि २०२४ मध्ये त्याचे मानांकन पुढे ढकलले. पोलिसांविरुद्धच्या तक्रारींची चौकशी आयोग पोलीस अधिकाऱ्यांकरवीच करतो, हा त्यातील एक आक्षेप होता.

पालमच्या कुटुंबाने नेमके काय करावे?

पहिले ७२ तास सर्वांत मोलाचे. अटकेचा पंचनामा व वैद्यकीय तपासणीचा कागद मागावा. न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर उभे केल्यावर मारहाण झाली असेल तर तिथेच सांगावे आणि ते नोंदवून घेण्याचा आग्रह धरावा. वकिलाची ऐपत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे मोफत वकील मागता येतो. मृत्यू झाल्यास शवविच्छेदनाच्या अहवालाची आणि चित्रीकरणाची प्रत मागावी, ठाण्यातील सीसीटीव्ही चित्रण जपून ठेवा असा लेखी अर्ज लगेच द्यावा आणि त्याची पोच घ्यावी. उशीर झाला तर सर्वांत आधी तेच चित्रण हातचे जाते.

मानवाधिकार आयोगाकडील तक्रारीला शुल्क नाही आणि ती मराठीत चालते, मात्र घटनेपासून एक वर्षाच्या आत करावी लागते. आयोग भरपाईची व कारवाईची शिफारस करतो, शिक्षा देत नाही. गुन्हा दाखल होत नसेल तर अनुच्छेद २२६ नुसार उच्च न्यायालयाचे दार आहे. मराठवाड्यासाठी ते छत्रपती संभाजीनगरला. ओडिशातील एका आईने पाठवलेल्या पत्रालाच याचिका मानून सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्ये नीलाबती बेहेरा प्रकरणात दीड लाखाची भरपाई दिली होती. ताब्यातील जिवाची जबाबदारी राज्याची, हे तत्त्व त्या निकालाने पक्के केले.

जिनिव्हाला लिहिता येते आणि लिहावेही, त्याने सरकारला उत्तर द्यावे लागते. पण आरोपीच्या पिंजऱ्यात कोणाला उभे करायचे, हे ठरते ते परभणीच्या न्यायालयात आणि मुंबईच्या मंत्रालयात. युनूसच्या आईला दोन दशकांनंतरही निकाल मिळालेला नाही. सूर्यवंशी प्रकरणातील विशेष तपास पथकाचे काम किती वेगाने पुढे जाते आणि खटल्याच्या मंजुरीचे १२० दिवस खरोखर पाळले जातात का, यावर परभणीच्या दुसऱ्या आईच्या वाट्याला काय येणार हे अवलंबून आहे.