पाण्याखालच्या गुहेत एकट्याने

अंधेरीला महाकाली, जोगेश्वरीला जोगेश्वरीची लेणी, बोरिवलीला मंडपेश्वर, आणि राष्ट्रीय उद्यानात कान्हेरीची शंभराहून जास्त लेणी. मुंबईच्या उपनगरांना गुहांची वाण नाही, पण सगळ्या छिन्नीने कोरलेल्या. इथला बेसाल्ट पावसाच्या पाण्यात विरघळत नाही. चुनखडी विरघळते, म्हणून पाण्याखालच्या मोठ्या गुहा बहुतेक चुनखडीच्या मुलखात. हिमयुगात समुद्र आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होता आणि या गुहा कोरड्या होत्या. बर्फ वितळलं, समुद्र चढला आणि त्या बुडाल्या. मेक्सिकोतल्या युकातानच्या गुहांत पाण्याखाली छतापासून चुन्याचे सुळके लोंबताना दिसतात. असे सुळके थेंबाथेंबाने हवेतच घडतात, तेव्हा गुहा एकेकाळी कोरडी होती याचा तो पुरावाच.

दुसरा प्रकार लाटांनी खोदलेल्या गुहांचा. लाट भेगेत शिरते, आतली हवा दाबते, ओसरताना ती सुटते. वर्षानुवर्षं हेच चालल्यावर कठीण दगडही खिळखिळा होतो. अशा गुहा आपल्याकडेही आहेत. वेंगुर्ल्याच्या समुद्रातल्या खडकांवर पाकोळ्या घरटी करतात ती गुहा पक्षीमित्रांना चांगली माहीत आहे. वर्सोवा ते गोराईच्या किनाऱ्यावर मात्र डायव्हिंगचा विचारच नको. खाड्यांचा गाळ इतका, की हात लांब केला तर बोटं दिसायची नाहीत. म्हणून मुंबईकर मालवण गाठतो. तिथे पर्यटकांना मिळतं ते ‘स्कूबा’ म्हणजे प्रशिक्षकाने मागून सिलिंडर धरायचा आणि आपण माशांकडे बघायचं. मजा आहे, पण त्याला डायव्हिंग शिकणं म्हणत नाहीत. शिकायचं तर तारकर्लीला पर्यटन महामंडळाची प्रशिक्षण संस्था आहे.

उघड्या समुद्रात काही बिघडलं तर वर जाता येतं. गुहेत डोक्यावर दगड असतो. जितकं आत आलात तितकं आडवं परत जायचं, मग वर. गुहेतले बाकीचे सगळे नियम या एका अडचणीतून निघाले आहेत.

आधी हवेचा हिशेब. १२ लिटरच्या सिलिंडरमध्ये २०० बारने भरलेली हवा म्हणजे २४०० लिटर. शांतपणे पोहणारा माणूस पृष्ठभागावर मिनिटाला साधारण २० लिटर घेतो असं धरू. २० मीटर खोलीवर दाब तिप्पट, म्हणून हवाही तिप्पट लागते: मिनिटाला ६० लिटर. सिलिंडर चाळीस मिनिटांत रिकामा. त्यातला एक तृतीयांश जायला, एक यायला आणि एक अडचणीसाठी, हा गुहेतला जुना नियम. म्हणजे आत जायला जेमतेम तेरा मिनिटं.

अडचणीसाठीचा तो तिसरा भाग मुळात जोडीदारासाठी असतो. त्याची हवा संपली तर दोघं माझ्या सिलिंडरवर बाहेर यायचे. एकट्याने जाणाऱ्याला हा जोडीदार स्वतःच पाठीशी न्यावा लागतो: दोन वेगळे सिलिंडर, दोन वेगळे रेग्युलेटर, दोन वेगळे दाबमापक. आता हिशेब पुन्हा मांडू. दोन्हींतून ८००-८०० लिटर वापरून आत गेलात. परतायला १६०० हवेत. नेमका शेवटच्या टोकाला एक सिलिंडर बंद पडला. दुसऱ्यात उरलेत बरोबर १६००. कागदावर सुटका झाली, पण घाबरलेल्या माणसाचा श्वास सहज दुप्पट होतो आणि इथे एक श्वासही जास्तीचा नाही. त्याऐवजी एक चतुर्थांश वापरूनच मागे फिरलात, तर उरलेल्या एका सिलिंडरमध्ये १८०० असतील आणि लागतील १२००. दहा मिनिटं शिल्लक. माझ्या मते एकट्याने जाणाऱ्याने याहून पुढे जाऊच नये, मग समोर कितीही सुंदर दालन दिसो. हा हिशेब जुळायचा तर दोन्ही सिलिंडर आलटून पालटून, सारखेच वापरायला हवेत. एकच ओढत राहिलात तर सगळं फसतं.

दुसरी गोष्ट दोरी. रिळावरची बारीक नायलॉनची दोरी बाहेर, उजेड दिसतो तिथे पहिल्यांदा बांधायची, गुहेच्या तोंडाच्या आत लगेच दुसरी गाठ, पुढे वळणावळणावर. जिथे दोरी जाईल पण अंग जाणार नाही अशा फटीत ती सरकू द्यायची नाही. दिसत असताना हे क्षुल्लक वाटतं. पण फिनचा एक फटका तळाच्या गाळाला लागला, किंवा आपलेच बुडबुडे छताला आपटून माती गळू लागली, की टॉर्चसमोर नुसता चहाचा रंग उरतो. मग अंगठा आणि तर्जनीचं कडं करून दोरी त्यात धरायची आणि बोटांनी वाट काढायची. दोरीवर बाणाच्या आकाराच्या प्लॅस्टिकच्या खुणा लावलेल्या असतात. टोक बाहेरच्या दिशेला. टॉर्च तीन: एक मोठा, दोन राखीव. गुहेचे विद्यार्थी हा दोरीचा सराव आधी जमिनीवर करतात, झाडांना दोरी गुंडाळून, डोळे मिटून. सोसायटीच्या आवारातही जमेल. वॉचमन काय म्हणेल ते वेगळं.

समुद्रातल्या गुहेत वरून लाटेचा धक्का असतो. लाटेची हालचाल तिच्या लांबीच्या निम्म्या खोलीपर्यंत पोचते. आठ सेकंदांनी येणारी लाट खोल समुद्रात सुमारे १०० मीटर लांब असते, म्हणजे वरचं पाणी शांत वाटलं तरी वीस मीटरवर अंग पुढेमागे झुलतं. अरुंद तोंडात हीच ओढ वाढते. दोरी ढिली असेल तर ती दगडावरच्या कालवांवर घासून तुटू शकते. म्हणून लाटा लहान असतील असे दिवस निवडायचे, आणि भरती-ओहोटीची ओढ कमी राहावी म्हणून उधाणाऐवजी भांगाचे.

दोरी गेली तर काय होतं ते २०१७ साली मायोर्का बेटावर दिसलं. सा पिकेता नावाच्या गुहेत शिस्को ग्रासिया आणि त्याचा सोबती दोघांनाही परतीची दोरी सापडेना. हवेची एक पोकळी मिळाली, पण शिल्लक हवा एकालाच पुरणारी. सोबती निघाला, ग्रासिया थांबला. बाहेर काढेपर्यंत साठेक तास गेले. कार्बन डायऑक्साइड वाढलेल्या त्या हवेत त्याला भास होऊ लागले होते. तो वाचला, कारण तो कुठे आहे हे सांगणारं कुणीतरी बाहेर पोचलं.

एकट्याला हे काम होडीवरच्या माणसाकडे सोपवावं लागतं. पाटीवर लिहून द्यायचं: किती वाजता आत गेलो, किती दाबाला फिरणार, आणि किती वाजेपर्यंत वर आलो नाही तर फोन करायचा. फोन कोणाला, हेही आधीच ठरवायचं. होडीवाला कितीही पट्टीचा पोहणारा असला तरी त्याला आत पाठवायचं नाही. २०१८ मध्ये थायलंडच्या थाम लुआंग गुहेत बारा मुलं आणि त्यांचे प्रशिक्षक अडकले, तेव्हा पाणी उपसायच्या कामात किर्लोस्करांचे इंजिनीअर होते, थायलंडचं नौदल होतं, तरी मुलांपर्यंत पहिल्यांदा पोचले ते ब्रिटनहून आलेले दोन गुहा-डायव्हर. अशी माणसं जगात मोजकी. त्यांच्यापैकी सर्वांत जवळचा कोण आणि त्याला पोचायला किती तास लागतील, हे होडीवर कुणालाच सांगता येत नसेल, तर त्या दिवशी गुहेच्या तोंडाशीच डाइव्ह आटोपती घ्यायची.