काडतुसे, लक्ष्यनेमबाजीची

काडतुसे, लक्ष्यनेमबाजीची : दूर अंतरावरील कागदी लक्ष्याचा अचूक वेध घेण्यासाठी वापरण्यात येणारी लहान व्यासाची रायफल-काडतुसे. काडतुसाचे मुख्य घटक चार : पितळी पुंगळी, तिच्या बुडाशी बसविलेली आघाताने पेटणारी टोपी, आतील निर्धूम दारू आणि तोंडाशी घट्ट बसविलेली गोळी. लष्करी वा शिकारीच्या काडतुसाकडून मारकशक्तीची अपेक्षा असते; लक्ष्यनेमबाजीत मात्र गोळीने कागदाला भोक पाडले की तिचे काम संपते. त्यामुळे येथे काडतुसाची पारख वेगळ्या कसोट्यांवर होते. आडव्या वाऱ्याने गोळी किती ढळते, लागोपाठच्या गोळ्यांचा वेग कितपत सारखा राहतो, नेमबाजाच्या खांद्याला किती धक्का बसतो आणि नळी किती लवकर झिजते, या त्या कसोट्या होत. प्रस्तुत नोंदीत त्यांच्या आधारे सु. ५.७ ते ७.८ मिमी. व्यासाच्या गोळ्या असलेल्या प्रमुख काडतुसांची तुलना केली आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : संघटित दूर पल्ल्याची नेमबाजी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रूढ झाली. इंग्लंडमधील विंबल्डन येथे १८६० मध्ये भरलेल्या पहिल्या मेळाव्यात व्हिक्टोरिया राणीने व्हिटवर्थ रायफलीतून पहिली गोळी झाडली. या रायफलीच्या नळीचा व्यास ०.४५१ इंच (सु. ११.५ मिमी.) होता. २६ सप्टेंबर १८७४ रोजी न्यूयॉर्कजवळील क्रीडमूर येथे अमेरिका व आयर्लंड यांच्यात ८००, ९०० व १,००० यार्डांवरून सामना झाला. तो अमेरिकेने ९३४ विरुद्ध ९३१ गुणांनी जिंकला. त्या काळी काळी दारू वापरीत. तिच्यामुळे गोळीला फारसा वेग मिळत नसल्याने गोळी जाड व जड ठेवावी लागे. फ्रान्समध्ये १८८४ मध्ये निर्धूम दारू तयार झाल्यानंतर चित्र पालटले. अल्पावधीतच बहुतेक सैन्यांच्या रायफलींचा व्यास ६.५ ते ८ मिमी. पर्यंत उतरला. ब्रिटिशांचे .३०३ (१८८८) आणि स्वीडन-नॉर्वेचे ६.५ × ५५ (१८९४) ही या संक्रमणकाळातील काडतुसे होत. लक्ष्यनेमबाजीने दीर्घकाळ लष्करी काडतुसेच आपलीशी केली. केवळ अचूकतेसाठी योजिलेली काडतुसे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पुढे आली.

वारा आणि गोळी : गुरुत्वाकर्षणामुळे गोळी किती खाली येईल हे अंतर ठाऊक असल्यास आधी काढता येते व दर्शिका तितकी वर घेता येते. वारा मात्र क्षणोक्षणी बदलतो. म्हणून दूर पल्ल्यावर गुण प्रामुख्याने वाऱ्यामुळेच गमावले जातात.

आडवा वारा गोळीच्या अंगावर दाब देऊन तिला सरळ ढकलीत नेतो, अशी सर्वसाधारण समजूत आहे. वस्तुतः स्वतःभोवती फिरणारी स्थिर गोळी आपले टोक समोरून येणाऱ्या सापेक्ष हवेच्या प्रवाहाकडे किंचित वळविते. त्यामुळे हवेचा रोध थोडा तिरकस लागून गोळी बाजूला सरकते. म्हणून गोळी किती ढळेल हे तिला लागलेल्या एकूण वेळेवर अवलंबून नसते, तर रोधामुळे झालेल्या विलंबावर अवलंबून असते. निर्वात अवकाशात लागला असता त्याहून जितका अधिक वेळ हवेत लागतो, त्याला आडव्या वाऱ्याच्या वेगाने गुणिले की ढळ मिळते. उदा., ८५० मी./से. वेगाने सुटलेली गोळी ९०० मी. अंतर निर्वात अवकाशात १.०६ सेकंदांत तोडील. हवेत तिला १.५६ सेकंद लागल्यास विलंब अर्ध्या सेकंदाचा होतो. आडव्या वाऱ्याचा वेग ४ मी./से. असेल, तर ही गोळी २ मी. ढळेल. अमेरिकन नियमांनुसार १,००० यार्डांवरील एफ वर्गाच्या लक्ष्याचे दहा गुणांचे वर्तुळ अवघ्या १० इंच (सु. २५ सेंमी.) व्यासाचे असते, हे ध्यानी घेतले म्हणजे या अंकाचे महत्त्व कळते.

केवळ वेग वाढवून हा प्रश्न सुटत नाही, हे .२२ लाँग रायफल या काडतुसावरून दिसते. त्याची स्पर्धेची गोळी सु. ३२५ मी./से. म्हणजे ध्वनीपेक्षा कमी वेगाने जाते. अतिवेगी प्रकारातील गोळी सु. ३८० मी./से. वेगाने सुटते. तथापि १०० यार्डांवर वेगवान गोळीच वाऱ्याने अधिक ढळते. ध्वनिवेगाच्या आसपास हवेचा रोध एकदम वाढतो व त्या गोळीचा विलंब अधिक होतो, हे त्याचे कारण. दूर पल्ल्याच्या गोळीचा वेग लक्ष्यापर्यंत ध्वनिवेगाच्या वर राहावा असा प्रयत्न केला जातो तोही यासाठीच. शिवाय वाटेत ध्वनिवेगाखाली उतरणाऱ्या गोळीची स्थिरता बिघडण्याचा संभव असतो.

छेदीय भार : गोळी रोधाला कितपत तोंड देईल हे तिच्या आकारावर आणि छेदीय भारावर अवलंबून असते. गोळीच्या वजनाला व्यासाच्या वर्गाने भागिले असता छेदीय भार मिळतो. टोक निमुळते व बूड किंचित निमटलेले असल्यास रोध आणखी घटतो. काही प्रातिनिधिक गोळ्यांचे आकडे पुढीलप्रमाणे आहेत.

| काडतूस | गोळीचा व्यास (मिमी.) | वजन (ग्रॅ.) | छेदीय भार (ग्रॅ./चौ. सेंमी.) |
|---|---|---|---|
| .२२ लाँग रायफल | ५.७ | २.६ | ८ |
| .२२३ रेमिंग्टन | ५.६९ | ५.२ | १६ |
| ६ मिमी. बीआर | ६.१७ | ६.९ | १८ |
| ६.५ क्रीडमूर | ६.७१ | ९.१ | २० |
| .२८४ विंचेस्टर | ७.२१ | ११.७ | २२ |
| .३०८ विंचेस्टर | ७.८२ | १०.० | १६ |

.२२३ ची ५.२ ग्रॅ. वजनाची गोळी आणि .३०८ ची १० ग्रॅ. वजनाची गोळी यांचा छेदीय भार जवळजवळ सारखा आहे, हे कोष्टकावरून दिसून येईल. .३०८ च्या गोळीचा भार २० पर्यंत न्यावयाचा, तर तिचे वजन १२ ग्रॅ. हून अधिक करावे लागते आणि त्या प्रमाणात धक्काही वाढतो. बारीक व लांब गोळीने तेच काम कमी वजनात साधते. लहान व्यासाच्या काडतुसांकडे नेमबाज वळले याचे मूळ कारण हे आहे. मात्र गोळी जितकी लांब, तितकी ती स्थिर राहण्यासाठी अधिक त्वरेने फिरावी लागते. या संबंधाचे सूत्र ग्रीनहिल यांनी १८७९ मध्ये मांडले. त्यानुसार .३०८ च्या नळीतील मळसूत्री खाचांचा एक वेढा सु. ३० सेंमी. लांबीत पूर्ण झाला तरी चालतो; .२२३ च्या ५.२ ग्रॅ. गोळीसाठी तो १८ ते २० सेंमी. मध्ये पूर्ण व्हावा लागतो.

धक्का, झीज व वेगातील समानता : धक्का मोठा असेल तर दिवसभराच्या सामन्यात नेमबाज थकतो, आणि गोळी नळीबाहेर पडण्यापूर्वीच रायफल हलल्याने नेमही बिघडतो. या दृष्टीने .२२३ व ६ मिमी. काडतुसे सुखावह आहेत. याउलट, अरुंद नळीमागे मोठी पुंगळी ठेवून वेग वाढविल्यास तप्त वायू नळीचा आरंभीचा भाग लवकर खातात. ६.५-२८४ हे काडतूस वाऱ्यात उत्कृष्ट ठरले, तथापि सु. एक हजार फैरींनंतर त्याच्या नळीची अचूकता उतरू लागते; .३०८ ची नळी त्याच्या कित्येक पट टिकते. ६.५ क्रीडमूर हे काडतूस अमेरिकेतील हॉर्नाडी कंपनीने २००७ मध्ये आणले. त्याला नाव १८७४ च्या क्रीडमूर सामन्याच्या मैदानावरून मिळाले. पुंगळी मध्यम, गोळी लांब आणि दारू बेताची, अशी त्याची रचना असल्याने या परस्परविरोधी गरजांचा त्यात मेळ बसतो.

वेगातील समानताही तितकीच महत्त्वाची आहे. ८२० मी./से. वेगाच्या गोळीत १० मी./से. चा फरक पडल्यास १,००० यार्डांवर ती सु. पाव मीटर वर किंवा खाली लागते. म्हणून दारूचे वजन, पुंगळीची घडण व गोळी बसविण्याची खोली यांत काटेकोरपणा पाळावा लागतो. आखूड व रुंद पुंगळीचे ६ मिमी. पीपीसी (१९७५) हे या विचारातून निर्माण झालेले काडतूस टेकूवरून करावयाच्या अल्प पल्ल्याच्या अचूकता-स्पर्धांत विशेष यशस्वी ठरले.

स्पर्धांचे नियम : काडतुसाचा लाभ सर्वांना सारखाच मिळावा म्हणून काही स्पर्धांत त्याची निवडच मर्यादित केलेली असते. १८७६ मध्ये सुरू झालेल्या पामा सामन्यात मुख्यत्वे .३०८ काडतूस व सु. १० ग्रॅ. ची गोळी वापरतात आणि दुर्बिणीवाचून नेम धरतात. एफ वर्गात दुर्बीण व टेकू यांना मुभा असते. त्याच्या टीआर उपवर्गात .२२३ व .३०८ ही दोनच काडतुसे चालतात व साधनांसह रायफलीचे वजन ८.२५ किग्रॅ. हून अधिक असू नये असा नियम आहे. खुल्या उपवर्गात ही मर्यादा १० किग्रॅ. असून तेथे ६.५ व ७ मिमी. गोळ्यांना विशेष पसंती आढळते. बंधन असलेल्या प्रकारांत सर्वांच्या गोळ्या जवळपास सारख्याच ढळत असल्याने निशाणांची फडफड व तापलेल्या हवेची थरथर पाहून वारा ओळखण्याचे कसबच निर्णायक ठरते. खुल्या प्रकारातही उत्तम काडतूस वाऱ्याचा अंदाज चुकल्याची शिक्षा फक्त कमी करते. ती माफ करीत नाही.

भारत : भारतात शस्त्रनियमांनुसार .३०३ व ७.६२ मिमी. व्यासाच्या लष्करी काडतुसांच्या रायफलींवर विशेष निर्बंध असल्याने दूर पल्ल्याच्या नेमबाजीला मर्यादा पडतात. याउलट .२२ लाँग रायफल काडतुसाची ५० मी. वरील नेमबाजी येथे चांगली रुजली आहे. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनी २०१० मध्ये म्यूनिक येथील जागतिक स्पर्धेत ५० मी. रायफल प्रोन प्रकारात सुवर्णपदक मिळविले. कोल्हापूर जिल्ह्यातीलच स्वप्निल कुसळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मी. रायफल तीन स्थिती प्रकारात ४५१.४ गुणांसह कांस्यपदक पटकाविले. अंतर अल्प असले, तरी या मंद व हलक्या गोळीचा छेदीय भार अत्यंत कमी असल्याने तिच्या नेमबाजालाही वाऱ्याचा तितकाच बारकाईने विचार करावा लागतो.