ड्रायरमधील मऊपणा : त्याचे मूळ आणि श्रावकाचा विवेक

परदेशी स्थायिक झालेल्या जैन घरातील गृहिणी किराणा घेताना वेष्टनावरील बारीक अक्षरे वाचल्याशिवाय वस्तू टोपलीत ठेवत नाही. चीजमध्ये प्राणिज रेनेट आहे का, मुलांच्या गोळ्यांत जिलेटिन आहे का, बिस्किटांत अंडे आहे का, हे पाहणे तिच्या अंगवळणी पडलेले असते. त्याच दुकानात दोन रांगा पलीकडे, धुलाईच्या वस्तूंपाशी आल्यावर मात्र ही दृष्टी बहुधा सैल पडते. जे पोटात जात नाही त्याची इतकी चिकित्सा कशाला, असा त्यामागील विचार असतो. कपडे वाळवण्याच्या यंत्रात टाकावयाच्या सुगंधी पट्ट्या, म्हणजेच ड्रायर शीट, याच रांगेत मांडलेल्या असतात. आणि त्यांतून कपड्यांना येणारा मऊपणा अनेकदा गुरांच्या चरबीपासून सिद्ध झालेला असतो.

अमेरिका आणि कॅनडा येथे ड्रायर ही घरोघरची वस्तू आहे. तेथे पुष्कळ वसाहतींच्या नियमांत बाहेर दोरीवर कपडे वाळत घालण्यास मनाई असते. आता मुंबई-पुण्याच्या सदनिकांतही, विशेषतः पावसाळ्यातील ओलीमुळे, धुणे आणि वाळवणे दोन्ही करणारी यंत्रे आली आहेत. त्यामुळे हा प्रश्न केवळ परदेशस्थ मुला-मुलींचा राहिलेला नाही.

मऊपणा येतो कसा

ड्रायरच्या फिरत्या पिंपात गरम हवेत कपडे एकमेकांवर घासतात. नायलॉन, पॉलिएस्टर आणि सुती कपडे एकत्र असले आणि त्यांतील ओल पूर्णपणे गेली, की घर्षणाने स्थिरविद्युत साठते. मग मोजे सदऱ्याला चिकटतात, साडी अंगाला बिलगते, हात लावताच बारीक झटका बसतो. थंड प्रदेशातील हिवाळ्यात घरातील हवा कोरडी असते, त्यामुळे हा त्रास अधिक जाणवतो.

यावर उपाय म्हणून अमेरिकेत कॉनरॅड गायझर यांनी ड्रायर शीटची कल्पना काढली आणि १९६९ साली तिचे पेटंट मिळवले. पुढे प्रॉक्टर अँड गॅम्बल कंपनीने १९७०च्या दशकात 'बाउन्स' या नावाने ती घरोघर पोहोचवली. पॉलिएस्टरसारख्या तंतूंच्या न विणलेल्या कापडावर मेणासारखा लेप दिलेला असतो. उष्णतेने तो वितळतो आणि फिरणाऱ्या कपड्यांवर पसरतो. या लेपातील मुख्य द्रव्य म्हणजे चतुर्थक अमोनियम संयुग. त्याच्या रेणूचे डोके धनभारित असते आणि त्याला स्निग्धाम्लाच्या लांब शेपट्या जोडलेल्या असतात. डोके तंतूला धरून राहते, शेपट्या बाहेरच्या बाजूस राहतात. त्यामुळे तंतू एकमेकांवरून घसरतात आणि स्थिरविद्युतही साठून राहत नाही. धुण्याच्या शेवटच्या पाण्यात टाकावयाचे द्रवरूप सॉफ्टनर याच तत्त्वावर चालते.

म्हणजे कपड्याला जाणवणारा मऊपणा हा प्रत्यक्षात स्निग्ध पदार्थाचा अतिशय पातळ थर होय. हा स्निग्ध पदार्थ आला कोठून, हाच जैन घरापुढील खरा प्रश्न आहे.

चरबीचा प्रश्न

मऊपणासाठी सोळा ते अठरा कार्बन अणूंची लांब स्निग्धाम्ले उपयोगी पडतात. ती गुरांच्या चरबीत, म्हणजे टॅलोमध्ये, विपुल असतात. टॅलो हा कत्तलखान्याचा उपपदार्थ असल्याने पाश्चात्त्य देशांत तो मुबलक मिळतो. त्यामुळे अनेक दशके सॉफ्टनरचा मुख्य कच्चा माल टॅलो हाच होता. १९९०च्या दशकाच्या आरंभी युरोपातील उत्पादकांनी जुने संयुग सोडले. कारण ते निसर्गात लवकर विघटित होत नसे. त्याच्या जागी एस्टरक्वाट वर्गातील द्रव्ये आली. ती टॅलोपासून बनतात, तशीच पाम किंवा अन्य वनस्पती तेलांपासूनही बनतात. त्यामुळे दुकानातील एक शीट वनस्पतिजन्य आणि तिच्याच शेजारची प्राणिज असू शकते. दोन्हींचा वास, रंग आणि परिणाम सारखाच असतो.

व्यापारी कुटुंबांना चरबीचा विषय नवा नाही. १९८३ साली वनस्पती तुपात आयात केलेली चरबी मिसळल्याचे प्रकरण उघडकीस आले, तेव्हा देशभर उडालेली खळबळ ज्येष्ठांच्या स्मरणात आहे. कापडाच्या व्यापारातील जुन्या मंडळींना आणखी एक गोष्ट ठाऊक असते. मागावर चढवण्यापूर्वी सुताला जी खळ देतात, तिच्यात सूत लवचिक राहावे म्हणून पूर्वी गिरण्यांतून चरबी वापरली जाई. इचलकरंजीसारख्या गावात सायझिंगचा धंदा जवळून पाहिलेल्यांना खळीतील प्रत्येक घटकाची चौकशी करणे हे व्यवहाराचेच अंग वाटते. तीच चौकशी घरातील ड्रायरपर्यंत पोहोचली पाहिजे.

श्रावकाच्या आचारात हिंसेचे संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी असे चार प्रकार सांगितले आहेत. घरकामात अपरिहार्यपणे घडते ती आरंभी हिंसा; गृहस्थाला ती पूर्णतः टाळता येत नाही, यत्नाने कमी करता येते. परंतु कृत, कारित आणि अनुमोदना यांचा विचार केला, तर खरेदीही निर्लेप राहत नाही. कत्तलखान्यातील चरबीला जितके ग्राहक मिळतात, तितके त्या व्यवसायाचे अर्थकारण भक्कम होते. तत्त्वार्थसूत्राने हिंसेच्या व्याख्येत प्रमादाला मध्यवर्ती स्थान दिले आहे. वेष्टन न वाचता वस्तू उचलणे हा प्रमादाचाच एक लहान प्रकार होय.

वेष्टन कसे वाचावे

भारतात खाद्यपदार्थांवरील हिरवी खूण पाहून निर्णय करता येतो. धुलाईच्या वस्तूंवर तसा आधार मिळेलच असे नाही. कॅलिफोर्निया राज्याच्या २०१७च्या कायद्यानुसार स्वच्छतेच्या व धुलाईच्या वस्तूंतील घटक उत्पादकांना उघड करावे लागतात, त्यामुळे अमेरिकेत घटकांची यादी पूर्वीपेक्षा सुलभ झाली आहे. तरीही एखादे स्निग्धाम्ल प्राण्यापासून आले की वनस्पतीपासून, हे त्या यादीवरून नेहमी कळत नाही.

पुढील खुणा उपयोगी पडतात. घटकाच्या नावात 'टॅलो', 'डायटॅलो' किंवा 'हायड्रोजनेटेड टॅलो' असे शब्द आले, तर ती वस्तू बाजूला ठेवावी. 'स्टिअरिक अ‍ॅसिड' किंवा नुसते 'फॅटी अ‍ॅसिड' एवढेच लिहिले असेल, तर मूळ कोणतेही असू शकते. 'सॉफ्टनिंग एजंट' असा मोघम उल्लेख म्हणजे उत्तर नव्हेच. 'क्रुएल्टी-फ्री' या शब्दांनीही फसगत होते; त्यांचा अर्थ साधारणतः प्राण्यांवर चाचणी केलेली नाही एवढाच असतो, घटक प्राणिज नाहीत असा नसतो. 'व्हीगन' हे मान्यताप्राप्त संस्थेचे चिन्ह असेल तर ते घटकांविषयी बोलते. ब्रिटनमधील व्हीगन सोसायटीचे चिन्ह १९९० पासून प्रचारात आहे.

एवढे करूनही शंका उरली, तर उत्पादकाला लेखी विचारावे : 'या वस्तूतील स्निग्धाम्ले प्राणिज आहेत की वनस्पतिजन्य, आणि हे सर्व कारखान्यांतील मालाला लागू आहे काय?' प्रश्नाचा दुसरा भाग महत्त्वाचा आहे. कारण बाजारभावानुसार कच्चा माल बदलण्याची मुभा उत्पादक राखून ठेवू शकतात. मालाचा नमुना आणि मालाची खेप यांत अंतर पडते, हे पेढीवर बसणाऱ्याला वेगळे सांगावे लागत नाही.

वनस्पतिजन्य आणि लोकरीचे पर्याय

चरबी टळली म्हणजे सर्व चिंता मिटली असे नाही. वनस्पतिजन्य मऊपणाचा मोठा भाग पाम तेलावर अवलंबून आहे. जगातील बहुतांश पाम तेल इंडोनेशिया आणि मलेशिया येथून येते, आणि तेथील वने तोडून झालेल्या लागवडींमुळे ओरांगउटानसह असंख्य जीवांचे आश्रय हरपले आहेत. शाश्वत पाम तेलासाठी २००४ साली आंतरराष्ट्रीय मंच स्थापन झाला, त्याचे प्रमाणपत्र काही वस्तूंवर आढळते. ते असल्यास त्या वस्तूला प्राधान्य द्यावे.

शीटऐवजी लोकरीचे गोळे वापरण्याची पद्धतही रूढ होत आहे. घट्ट पिंजून केलेले हे गोळे कपड्यांच्या घड्या एकमेकांपासून अलग ठेवतात, त्यामुळे गरम हवा आत खेळते. त्यांत कोणताही लेप नसतो आणि ते पुष्कळ दिवस टिकतात. स्थिरविद्युत घालवण्यात मात्र त्यांचा प्रभाव मर्यादित असतो.

लोकर जैन घरात चालावी काय, याविषयी कुटुंबागणिक मत भिन्न असू शकते. श्वेतांबर साधू-साध्वींचा ओघा लोकरीच्या धाग्यांचा असतो. दिगंबर मुनींची पिच्छी आपोआप गळालेल्या मोरपिसांची असते. परंपरेने प्राण्याच्या देहातून आलेली प्रत्येक वस्तू सरसकट निषिद्ध मानलेली नाही. ती कशी मिळवली हे पाहिले आहे. रेशमासाठी सामान्यतः कोशातील जीव मारला जातो, लोकर कातरताना मेंढी जिवंत राहते. तरीही आधुनिक मेंढीपालन निर्दोष नाही. माश्यांचा उपद्रव टाळण्यासाठी मेरिनो मेंढ्यांच्या मागील भागाची कातडी कापून काढण्याची 'म्युलसिंग' ही क्रिया ऑस्ट्रेलियात चालत आली आहे. न्यूझीलंडने तिच्यावर २०१८ साली बंदी घातली. ज्यांना लोकर मान्य आहे, त्यांनी म्युलसिंगविरहित लोकरीचीच वस्तू मागावी. ज्यांना नको आहे, त्यांच्यासाठी पुढील उपाय पुरेसे आहेत.

वस्तूआधी सवय

स्थिरविद्युत मुख्यतः कपडे गरजेपेक्षा अधिक वाळवल्याने साठते. यंत्रात ओल मोजण्याची सोय असेल तर तिचा उपयोग करावा. नसेल तर नेहमीपेक्षा थोडा वेळ कमी ठेवावा. किंचित ओलसर असतानाच कपडे काढून घरात दांडीवर पसरावेत. कृत्रिम धाग्यांचे कपडे सुती कपड्यांपासून वेगळे वाळवावेत किंवा ड्रायरमध्ये घालूच नयेत. ते सावलीत लवकर वाळतात. पिंप गच्च भरू नये. साबणाचे प्रमाण कमी करून कपडे नीट खळबळले, तर त्यांचा ताठरपणाही कमी होतो. कॅलिफोर्नियात २०१५ साली झालेल्या कायद्याने भाडेकरू व वसाहतीतील रहिवाशांना स्वतःच्या खाजगी अंगणात कपडे वाळत घालण्याची मोकळीक दिली आहे. आपल्या राज्यातील नियम काय आहे, हे तेथील प्रत्येक कुटुंबाने पाहून घ्यावे.

धुण्यात व्हिनेगर घालण्याचा सल्लाही वारंवार दिला जातो. ते आंबवण्याच्या क्रियेतून तयार होते, म्हणून अनेक जैन घरांत वर्ज्य असते. शिवाय वारंवार वापरल्यास यंत्रातील रबरी भागांना अपाय होऊ शकतो. क्लोरीन ब्लीचबरोबर तर ते कधीही मिसळू नये, विषारी वायू निर्माण होतो.

कोणते कपडे वगळावेत

सॉफ्टनरचा स्निग्ध थर पाणी शोषू देत नाही. म्हणून टॉवेल, पंचे आणि पुसण्याची कापडे यांना शीट लावू नये. पाणी गाळण्याचा छन्ना तर या यंत्रात शीटसोबत कधीच जाऊ नये. पिण्याच्या पाण्याशी त्याचा रोजचा संबंध असतो. पूजेची वस्त्रे आणि पूजेच्या वेळी मुखावर बांधावयाचा मुखकोश हेही स्वतंत्र धुऊन दांडीवरच वाळवावेत. ज्या हातांनी अभिषेक करावयाचा, त्या अंगावरील वस्त्राला चरबीचा लेप असण्याची शंकासुद्धा कोणत्याही श्रावकाला सहन होणार नाही.

लहान मुलांचे आग-प्रतिरोधक रात्रीचे कपडेही वगळावेत; सॉफ्टनरने त्यांचा तो गुण उणावतो, आणि त्यांच्या चिठ्ठीवर बहुधा तशी सूचना असते. घरात दमा किंवा त्वचेचा विकार असेल तर सुगंधरहित वस्तूच घ्यावी. 'अनसेंटेड' लिहिलेल्या वस्तूत मूळ वास झाकण्यासाठी सुगंधद्रव्य असू शकते. 'फ्रॅग्रन्स-फ्री' हा शब्द अधिक विश्वसनीय आहे. वापरलेल्या शीटमध्येही रसायन उरते, ते मांजर-कुत्र्यांना अपायकारक आहे. म्हणून ती झाकणाच्या डब्यातच टाकावी.

ड्रायरची जाळी दर वेळी साफ करणे हाही यत्नाचाच भाग आहे. अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनाने २००८ ते २०१० या काळातील नोंदींवरून घरगुती ड्रायरमुळे दरवर्षी सुमारे २,९०० आगी लागतात असा अंदाज दिला होता, आणि साफसफाईचा अभाव हे त्यांचे प्रमुख कारण म्हटले होते. शीटमधील मेणचट अंश जाळीवर बसून हवेची वाट अडवू शकतो. शीट वापरणाऱ्यांनी जाळी अधूनमधून पाण्याने धुऊन, पूर्ण वाळवून बसवावी.

निर्णयाचा क्रम

प्रयोजनाविना घडणारी हिंसा टाळणे हे अनर्थदंडविरमण व्रताचे सार आहे. ड्रायरच्या बाबतीत त्याचा क्रम असा लागतो. प्रथम यंत्राची गरज तपासावी; ऊन-वारा उपलब्ध असेल तर दोरी पुरे. यंत्र लागतेच, तर कपडे वेगळे करून, कमी वेळ वाळवून पाहावेत. तरीही मऊपणाची वस्तू हवी वाटली, तर व्हीगन चिन्हाची, सुगंधरहित वस्तू घ्यावी, आणि शीट असल्यास अर्धी फाडून वापरावी; लहान धुण्याला तेवढी पुरते.

घरात आधीच आणलेल्या खोक्याचे काय, असा प्रश्न उरतो. त्यावरील घटकांची यादी आज वाचावी, उत्पादकाला एक पत्र पाठवावे, आणि उत्तर येईपर्यंत पूजेची वस्त्रे, छन्ना आणि मुलांचे कपडे त्यापासून दूर ठेवावेत. उत्तर समाधानकारक आले तर ते नातलगांना कळवावे, म्हणजे तीच चौकशी दहा घरांना पुन्हा करावी लागणार नाही.