सुटे भाग बसविण्याची मजुरी

ट्रॅक्टरचा सुटा भाग ज्या दुकानांतून घेतला, त्याच दुकानदारानें तो बसविण्याची मजुरी निराळी घ्यावी काय? "माल त्याचाच घेतला, मग बसविण्याचे पैसे कसले?" असें पुष्कळ शेतकरी बंधूंचें म्हणणें असतें. आम्हांस तें सरसकट मान्य नाहीं.

दिव्याचा बल्ब बसविण्यास कितीसा वेळ लागतो? तेवढें काम गिऱ्हाईक राखण्यासाठीं कोणीही फुकट करील. परंतु क्लचची प्लेट बदलावयाची म्हणजे इंजिन व गिअरबॉक्स अलग करून सबंध ट्रॅक्टर मधोमध सोडवावा लागतो. खालीं टेकू द्यावे लागतात, मदतीस माणूस लागतो, आणि पुन्हां जोडतांना प्लेट बरोबर मध्यावर धरण्याचें कसब लागतें. असें काम "मोफत" म्हटलें, तरी त्याची मजुरी बहुधा भागाच्या किंमतींत मुरलेलीच असते. घरीं स्वहस्तें भाग बसविणाराही ती भरतो.

शिवाय २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यांत सेवेंतील उणिवेबद्दल तक्रार करतां येते खरी, पण "सेवा" या शब्दाच्या व्याख्येंतून फुकट केलेली सेवा वगळली आहे. बसवणी चुकून ऐन पेरणींत क्लच घसरूं लागला, तर "आम्हीं पैसे कोठें घेतले होते?" हें उत्तर दुकानदाराच्या तोंडीं तयार असतें!

तेव्हां मजुरी खुशाल द्यावी. मात्र आंकडा आधीं ठरवून पावतीवर निराळा लिहवून घ्यावा. खोलल्यावर काम वाढलेलें दिसलें, तर मालकास विचारल्यावांचून पुढें जाऊं नये, हेंही तेव्हांच बजावावें. काढलेला जुना भाग मागून घेण्यास आपले लोक उगीच संकोचतात.